लेप धरत का नाही?



शस्त्र वापरणारे, त्याला लेप देणारे आणि ते जपणारे आज एकाच सभागृहात बसले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. लेप सुटला की आपण लगेच रसायनाला दोष देतो. माझे मत वेगळे आहे. लेप फसतो तो बहुधा डबा उघडण्याआधीच.

दुनळी बंदुकीचेच घ्या. ओव्हनमध्ये भाजलेला लेप पहिल्यांदा कुठे सुटतो ते नीट पाहा. पुष्कळदा तो स्क्रूच्या भोकाभोवती सुटतो, नाहीतर ट्रिगर गार्डच्या कडेला. तिथल्या आट्यांत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते. पुसलेला जॉब कोरडा दिसतो. ओव्हन तापला की तेल बाहेर येते, लेपाखाली पसरते आणि पुढे पापुद्रा निघतो. म्हणून डिग्रीजिंगनंतर जॉब आधी कोराच तापवावा, तेल पाझरते का पाहावे, पुन्हा धुवावा आणि मगच ब्लास्टिंगला घ्यावा. त्यानंतर त्याला उघडा हात लावू नये. बोटांच्या घामातले मीठ लेपाखाली राहिले, तर आपल्या आषाढातल्या दमट हवेत त्याला लागणारे पाणी आयतेच मिळते.

ब्लॅकोडायझिंगचे तंत्र निराळे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंश सेल्सियस तापलेल्या टाकीत पोलादाच्याच पृष्ठभागाचा काळा मॅग्नेटाइट होतो. हा थर जेमतेम १-२ मायक्रॉनचा आणि सच्छिद्र असतो. गंज रोखण्याचे खरे काम त्यात मुरलेले तेल करते. तेल न देता जॉब गिऱ्हाइकाच्या हाती दिला, तर तक्रार येणारच. शिवाय जुन्या दुनळीच्या नळ्या पुष्कळदा शिसे-कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतात आणि ही टाकी तो डाक खाते. अशा नळ्यांना सावकाशीची जुनी रीतच हवी: पातळ गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात तो काळा करायचा, बारीक तारेने मोकळी भुकटी झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. काम कंटाळवाणे आहे, पण मला आजही त्याला तोड दिसत नाही. बंदुकीचे असे काम परवानाधारकाकडेच व्हावे, हे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे वेगळे सांगायला नको.

वस्ताद मंडळींनो, आपला दांडपट्टा लिंबू कापतो तेव्हा मैदान टाळ्या वाजवते. पण तो रस पात्यावर वाळू देऊ नका. त्यातले आम्ल तेलाच्या पातळ थराला दाद देत नाही. तलवारी चामड्याच्या म्यानात वर्षभर ठेवू नका. सालीने कमावलेले चामडे आम्लधर्मी असते आणि ओलही धरून ठेवते. खंडेनवमीची पूजा भक्तिभावाने करा. मात्र दुसऱ्या दिवशी हळदकुंकू आणि फुलांची ओल पुसून पात्यावर तेलाचा हात फिरवा.

संग्रहालयांसाठी माझा आग्रह थोडा कडक आहे. १८८४ साली पूर्ण झालेल्या आपल्या कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातली शस्त्रे पाहताना त्यांच्यावरचा काळाचा रंग हाही आपला ठेवा आहे, हे मनात पक्के असावे. कोफ्तगारीच्या सोन्याच्या तारेवर ब्लास्टिंग केले की ती कायमची गेली. तिथे मेणाचा पातळ हात पुरतो. १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेले मेण जगभर वापरले जाते, कारण ते पुन्हा काढता येते. जे काढता येत नाही, ते जुन्या शस्त्राला लावूच नये.

शेवटी एक ठराव. प्रत्येक नव्या जॉबबरोबर त्याच पोलादाची एक पट्टी त्याच टाकीतून किंवा ओव्हनमधून काढावी, तिच्यावर तारीख कोरावी आणि ती कारखान्यात जपावी. लेपावर ब्लेडने चौकटी पाडून चिकटपट्टी ओढली की तो धरतो का ते तिथेच कळते, आणि पावसाळा सरल्यावर पट्टी पुन्हा तपासता येते. दुपारच्या सत्रात मी हा ठराव मांडणार आहे. कारखानदारांपैकी कोणीतरी त्याला अनुमोदन द्यावे, अशी माझी विनंती आहे.