सागरी हवामानाची वार्ता व आपले कर्तव्य

(जुबिली सोहळ्यानिमित्त एकोडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपला भंडारा जिल्हा तळ्यांचा. येथून अरबी समुद्र शेकडो मैल दूर. तेव्हा एकोडीस बसून समुद्राच्या हवेची चर्चा कशास, अशी शंका कोणासही येईल. परंतु पोटापाण्यासाठी आपली माणसे मुंबईस जातात, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनास आपण गोव्यास जातो. आणि किनाऱ्यावर गेल्यावर एखादा जलदुर्ग पाहण्यासाठी होडीत बसण्याचा मोह कोणास आवरतो? कोळी बांधवांचा जन्म पाण्यावर जातो; वारा फिरताच ते सावध होतात. आपणांस ती विद्या नाही. म्हणून खात्रीलायक वार्ता घेतल्यावाचून आपण होडीत पाऊल ठेवू नये, आणि वार्ता प्रतिकूल असल्यास बेत मोडण्यास कचरू नये, एवढेच मला सांगावयाचे आहे.

हा उपदेश नवा नाही. प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाच्या रोमप्रवासाचा वृत्तांत आहे. सुरक्षित प्रवासाचा ऋतु उलटला होता. क्रीत बेटाच्या बंदरातून पुढे गेल्यास जिवास धोका आहे, असे पौलाने बजावले. परंतु शताधिपतीने त्याच्यापेक्षा तांडेलावर व तारवाच्या मालकावर अधिक भरवसा ठेवला. त्यातच दक्षिणेचा मंद वारा सुटला, आणि सर्वांस वाटले की आपले काम झाले. थोड्याच वेळात तुफान उठले. माल्टाच्या किनाऱ्यावर तारू फुटले. 276 जीव वाचले ते केवळ देवाच्या कृपेने. बंदरातील मंद वारा म्हणजे हवामानाची वार्ता नव्हे!

आपल्या महाराष्ट्रातही असा घोर प्रसंग घडलेला आहे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात काश्याच्या खडकानजीक वादळात सापडली. भयभीत उतारू एका बाजूस धावले, बोट कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. वाट किती? थोड्या तासांचीच. वाट जवळची म्हणून धोका लहान, असे समजणाऱ्यांनी ‘रामदास’चे स्मरण ठेवावे.

वादळाची पूर्वसूचना देण्याच्या कार्यात आपल्या धर्मगुरूंनी मोठी सेवा केली आहे, हे या मंगल प्रसंगी सांगण्यास मला अभिमान वाटतो. क्यूबातील हवाना येथे येशूसंघी फादर बेनितो विन्येस यांनी उंच आकाशातील विरळ ढगांच्या गतीचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि सप्टेंबर 1875 मध्ये येऊ घातलेल्या तुफानाची सूचना प्रसिद्ध केली. फादर फेदेरिको फौरा यांनी मनिला येथून 1879 मध्ये तेच कार्य केले. त्याच 1875 साली आपल्या देशात भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. 1864 च्या कलकत्त्याच्या भीषण तुफानानंतर अशा खात्याची निकड सर्वांस पटली होती.

आज हे खाते किनाऱ्यासाठी व मच्छीमारांसाठी सूचना प्रसिद्ध करते. हैदराबाद येथील राष्ट्रीय महासागर माहिती केंद्र लाटांची उंची व प्रवाह यांचे अंदाज देते. बंदरावर धोक्याचा बावटा चढतो. कोकणात ‘तीन नंबरचा बावटा’ लहान मुलांसही ठाऊक असतो.

मग खात्रीलायक वार्ता कशी ओळखावी? तीन गोष्टी पाहाव्यात. ती कोणत्या कचेरीने दिली आहे? कोणत्या किनाऱ्यासाठी आहे? कोणत्या दिवसासाठी व वेळेसाठी आहे? मुंबईची वार्ता मालवणास लागू पडत नाही, आणि कालची आज शिळी होते. हातोहात फिरणाऱ्या निनावी संदेशावर विसंबू नये. चार-पाच दिवस आधीच्या अंदाजावर बेत आखावा. निर्णय मात्र निघण्याच्या दिवशीच्या ताज्या सूचनेवर करावा.

आकड्यांचा अर्थही जाणावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब चौपट होतो. वार्तेत लाटांची उंची दोन मीटर सांगितली असेल, तर ती सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट जवळजवळ दुप्पट उंचीचीही येऊ शकते. आणि दूरच्या वादळाने उठलेल्या लाटा निरभ्र आकाशाखालीही किनारा गाठतात.

तरीही दोन उणिवा राहतात. पहिली, वार्ता न पोहोचण्याची. 2017 च्या नोव्हेंबरअखेर ‘ओखी’ वादळ उठले, तेव्हा केरळ व कन्याकुमारीकडील कित्येक मच्छीमार आधीच दूर समुद्रात होते. त्यांत आपले अनेक धर्मबंधु प्राणास मुकले. काहींच्या होड्या मात्र भरकटत आपल्या सिंधुदुर्ग किनाऱ्यास लागल्या आणि शेकडो जिवांस तेथे आसरा मिळाला. दुसरी उणीव, वार्ता पोहोचूनही धोका पुरता न टाळण्याची. मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ वादळाची सूचना काही दिवस आधी मिळाली होती. तरीही मुंबईपासून दूर समुद्रात राहिलेला ‘पी-305’ हा तराफा बुडाला आणि त्यावरील 261 जणांपैकी सत्तरांहून अधिक दगावले.

पहिल्या उणिवेवर उपाय शास्त्रज्ञांनी व सरकारने करावयाचा आहे, दुसरीवर आपण. सूचना प्रतिकूल असेल तर ठरलेली सहल मोडा, दिलेले भाडे बुडू द्या, मुलांचा रुसवा सोसा. तांडेल ‘आज नको’ म्हणाला तर त्यास अधिक पैशांचा मोह घालू नका. त्याचे आभार माना. होडीत दाटी असेल तर खाली उतरा. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे त्याने दिलेल्या बुद्धीस रजा देणे नव्हे. आकाशाचे रंग ओळखणाऱ्यांस काळाची चिन्हे ओळखता येत नाहीत, म्हणून प्रभूने दोष दिला. आपणांस तर आकाशाची चिन्हेही जाणकार वाचून दाखवितात.

समुद्रतारा पवित्र मरिया सर्व दर्यावर्दी बांधवांस सुखरूप बंदरास लावो, आणि या जुबिलीच्या वर्षी आपल्या कोणत्याही घरी प्रवासास गेलेल्याची वाट पाहत दिवा जागा राहू नये, हीच प्रभुचरणी प्रार्थना.