हक्काचा वकील कसा मागायचा
(जळकोट, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव येथील बैठकीतलं भाषण)



सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या या गावात आज दोन तऱ्हेचे लोक बसलेत. आपल्यातले काही डोंगरातनं, जंगलातनं आलेत, त्यांचा प्रश्न वनजमिनीचा. या भागातल्या पारधी आणि भूमिहीन भावांचा प्रश्न गायरानाचा. जमीन वेगळी, कायदा वेगळा, पण नोटीस आल्यावर पोटात गोळा येतो तो सारखाच. आणि पहिला सवालही सारखाच असतो: वकिलाला पैसे कुठनं आणायचे? बकरी विकायची, मंगळसूत्र गहाण टाकायचं, नाहीतर मुकादमाकडनं उचल घ्यायची. त्यासाठीच आज वकिलाबद्दल बोलायचं ठरवलंय.

गरिबाला सरकारनं वकील द्यावा ही मागणी काही आजची नाही. मुंबई सरकारनं १९४९ साली न्यायमूर्ती भगवतींची समिती यासाठी नेमली होती. राज्यघटनेत ३९-अ कलम आलं १९७६ च्या दुरुस्तीनं. विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला १९८७ साली आणि लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. आठ वर्षं कायदा कपाटात! पण आता लागू आहे, तेव्हा तो वापरायचा.

या कायद्याचं १२ वं कलम सगळ्यांनी ध्यानात ठेवा. फुकट वकील कुणाला, ते त्यात लिहिलंय. अनुसूचित जमातीचा माणूस, अनुसूचित जातीचा माणूस, कुठलीही बाई, मूल, अपंग, वेठबिगारीत सापडलेला, तुरुंगात असलेला, कारखान्यातला कामगार. पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार यात सापडलेला माणूसही त्यात येतो. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप लोहारा-उमरग्याच्या लोकांना सांगायला नको, आणि दुष्काळ तर या जिल्ह्यात कुणालाच सांगायला नको. या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. हे दोनदा सांगतो, कारण कचेरीत पहिल्यांदा उत्पन्नाचा दाखलाच मागतात. आदिवासीला आणि बाईला उत्पन्नाची अट नाही. जे यांपैकी कशातच बसत नाहीत त्यांना ती अट आहे. महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलं तर त्यांनाही वकील मिळतो. त्यासाठी स्वतःचं प्रतिज्ञापत्र साधारणपणे पुरतं, असं १३ वं कलम म्हणतं.

आता खरी अडचण. पारधी भाऊ म्हणतील, आम्ही अनुसूचित जमातीत आहोत, पण जातीचा दाखला कुठाय? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९५२ साली तो कायदा गेला, पण एका जागी राहू न दिलेल्या माणसाकडं जुना कागद असणार कुठनं? दाखल्यासाठी वर्षं जातात आणि कोर्टाची तारीख काही थांबत नाही.

इथं एक वाट आहे. बाईला वकील मिळतो तो बाई म्हणून. तिला जातीचाही दाखला नको आणि उत्पन्नाचाही. आणि वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणं लग्न झालेल्या दावेदाराचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो. म्हणजे वनजमिनीच्या भांडणात ती पाहुणी नाही, धनीण आहे. तिनं स्वतःच्या नावानं अपील करावं, स्वतःच्या नावानं वकील मागावा. आमच्या बैठकांना बाया येतात, मागं बसतात, आणि कागदावर अंगठा उठतो तो बाप्याचाच. ही रीत बदलली तर अर्धी कचेरी सोपी होईल, असं आमचं मत आहे. गायरानाच्या नोटिशीतही बाईचं नाव असलं, किंवा वहिवाट तिची असली, तर तिनंच पुढं व्हावं.

दुसरी गोष्ट, वकील फक्त फौजदारीला मिळतो असं लोक समजतात. पोलिसांनी धरलं तर सरकारी वकील, जमिनीला मात्र खाजगी. तसं नाही. या कायद्यात 'कोर्ट' म्हणजे दिवाणी, फौजदारी आणि महसुली कोर्ट, शिवाय न्यायनिवाड्याचं काम करणारा कुठलाही अधिकारी. तहसीलदारापुढं, प्रांतापुढं निवाड्यासाठी केस चालू असली तरी मदत मागता येते. नुसता सल्ला मागायलाही जाता येतं. कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकला, हे त्या मदतीतच येतं. नेमून दिलेल्या वकिलानं आपल्याकडनं फी मागायची नाही. "वरखर्चाला द्या" म्हणाला तर तेवढंच लिहून प्राधिकरणाकडं द्या. तो बदलून मागता येतो.

अर्ज कुठं करायचा? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. इथल्या माणसानं तुळजापूरला जायचं. जिल्ह्याचं प्राधिकरण धाराशिवला, जिल्हा न्यायालयात. हायकोर्टाचं काम असलं तर या जिल्ह्याला संभाजीनगरचं खंडपीठ, तिथंही समिती आहे. अर्ज मराठीत चालतो. लिहिता येत नसलं तर तोंडी सांगायचं, ते लिहून घेतात, आपण अंगठा द्यायचा. निर्णय आठवडाभरात व्हायला हवा. नाही म्हणाले तर अध्यक्षाकडं दाद मागता येते, आणि जिल्ह्याला अध्यक्ष असतात जिल्हा न्यायाधीश. १५१०० या नंबरला फोन केला तरी वाट सांगतात. मात्र केसमध्ये काहीतरी दम आहे एवढं त्यांना दिसायला लागतं. म्हणून रिकाम्या हातानं जाऊ नका.

हातात काय न्यायचं? नोटीस पाकिटासकट, कारण पाकिटावर तारीख असते. अतिक्रमणाचा दंड भरल्याच्या जुन्या पावत्या न्या. दंड भरला म्हणून लाज वाटून लोक त्या पावत्या फाडतात, पण आपण त्या साली त्या जमिनीवर होतो याचा तो सरकारनंच दिलेला पुरावा आहे. गायरानासाठी २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या अतिक्रमणांबद्दल बोलतो, म्हणजे त्याआधीची पावती सोन्यासारखी. वनजमिनीला १३ डिसेंबर २००५ ही तारीख. तिथं म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा म्हणून चालतो.

मुदतींबद्दल. वनहक्क दावा ग्रामसभेनं किंवा उपविभागीय समितीनं फेटाळला तर ६० दिवसांत वर जायचं. दिवाणी कोर्टाचं समन्स आलं तर ३० दिवसांत म्हणणं द्यायचं असतं, कोर्ट फार तर ९० दिवसांपर्यंत वाढवून देतं. समन्स घेतलं नाही की केस टळते, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. नाकारलेलं समन्स बजावलेलंच धरतात, दाराला चिकटवून जातात, आणि मग एकतर्फी हुकूमनामा होतो. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं दावे फेटाळलेल्यांना बाहेर काढायला सांगितलं आणि २८ फेब्रुवारीला तो हुकूम थांबवला, हे आठवत असेल. त्या पंधरवड्यात "आपला दावा फेटाळला होता काय?" असं विचारत फिरणारी माणसं आम्ही पाहिली. फेटाळल्याचा कागद, कारणांसकट, मागून घ्या.

एका जागी मात्र वकील चालतच नाही. आदिवासींच्या बिगर-आदिवासींकडं गेलेल्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा आहे, त्याच्या सुनावणीत कुठल्याच बाजूनं वकील उभा राहू शकत नाही. सावकारानं बडा वकील आणू नये म्हणून हे कलम घातलं, आणि सुप्रीम कोर्टानंही ते उचलून धरलं. तिथं आपणच बोलायचं. पण अर्ज कसा लिहावा, सातबाऱ्यावरचा कुठला फेरफार दाखवावा, हा सल्ला आधी घेता येतो.

शेवटी लोकअदालत. वीजबिल, बँकेचं कर्ज, अपघाताची भरपाई, याला ती चांगली. भरलेली कोर्ट फीही परत मिळते. पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही. म्हणून जमिनीवरचा हक्क सोडल्याचा एक शब्दही कागदात असला तर अंगठा देऊ नका. "साहेब, घरी विचारून सांगतो" म्हणा. तडजोड दोघांच्या राजीखुशीनंच होते, नाही म्हटलं तर केस परत कोर्टात जाते, आपलं काही बुडत नाही.

आता चहा घ्या. ज्यांनी पिशवीतनं कागद आणलेत त्यांचे आपण बघू. ज्यांची तारीख याच महिन्यात आहे त्यांनी आधी पुढं या, आणि घरची बाई बरोबर आली असेल तर तिलाही घेऊन या.