दुसरी प्रत कुणाकडे?



परस्परांशी जोडलेल्या क्लाउड जाळ्यांचा उद्योगांना काय फायदा, हा विषय संयोजकांनी मला दिला. आपल्यापैकी काहींच्या कपाळावर तेव्हाच आठी पडली असेल. आपण रसायनवाले, आपल्या चिंता बॉयलरच्या, स्क्रबरच्या, कच्च्या मालाच्या भावाच्या. सॉफ्टवेअरची चर्चा हिंजवडीला करावी, महाडला कशाला? मला मात्र वाटतं, ती महाडलाच आधी व्हायला हवी. कारण २२ जुलै २०२१ ची रात्र आपण पाहिली आहे.

त्या पुराचं वर्णन तुमच्यापुढे करायची गरज नाही. सावित्री आणि गांधारी एकदम चढल्या, बाजारपेठेत पाणी माळ्यापर्यंत गेलं, वीज गेली, फोन मुके झाले, आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. त्या दुःखापुढे हिशेबाच्या कागदांची गोष्ट काढणं कोतेपणाचं वाटेल. तरी काढतो, कारण पाणी ओसरल्यावर उद्योग पुन्हा उभा राहतो तो कागदांवरच.

आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांचे हिशेबनीस, करसल्लागार, वाहतूकदार यांची कार्यालयं शहरात, बहुतेक तळमजल्यावर. टॅलीचा डेटा तिथल्या संगणकात. बॅकअप होता का? होता की! पेनड्राइव्हवर रोज घेतला जायचा, आणि पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात असायचा. पूर ओसरल्यावर विम्याचा सर्व्हेअर आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, पुराच्या आदल्या दिवशी गोदामात माल किती होता, त्याचं स्टॉक स्टेटमेंट द्या. लोक गच्चीवर दोऱ्या बांधून व्हाउचरं वाळत घालत होते, चिखलाने चिकटलेली पानं सुरीने सुटी करत होते. माल बुडाल्याचं सगळ्यांना दिसत होतं, पण तो किती होता हे सांगणारा कागदही मालाबरोबरच बुडाला होता.

आता यावर कुणी म्हणेल, मग सगळं क्लाउडवर टाका, प्रश्न मिटला. इथे माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. एका क्लाउडवर टाकून प्रश्न मिटत नाही.

ऑस्ट्रेलियात युनिसुपर नावाचा निवृत्तिवेतन निधी आहे. सभासद सहा लाखांहून जास्त. त्यांची संगणक व्यवस्था गूगल क्लाउडवर होती आणि शहाणपणाने दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली होती. मे २०२४ मध्ये गूगलकडच्या मांडणीतल्या एका चुकीमुळे त्यांचं खासगी क्लाउडचं सब्स्क्रिप्शनच पुसलं गेलं, आणि दोन ठिकाणी ठेवण्याचं शहाणपण कामी आलं नाही. आठवड्याहून अधिक काळ सभासदांना आपलं खातं पाहता येईना. निधीला सावरायला वेगळ्याच कंपनीकडे ठेवलेल्या प्रतींची मोठी मदत झाली. दुसरं उदाहरण दक्षिण कोरियाचं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन इथल्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवणाऱ्या एका व्यवस्थेतला ८५८ टेराबाइट डेटा जळाला. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. म्हणजे खणातल्या पेनड्राइव्हवर फक्त महाडची मक्तेदारी नाही.

म्हणून क्लाउड जोडलेले असावेत. जोडलेले म्हणजे काय? हिशेब एका कंपनीच्या व्यवस्थेवर, प्रयोगशाळेच्या नोंदी दुसरीच्या, राखीव प्रत तिसरीकडे. आणि या तिघी ठरलेल्या साच्यात एकमेकींना माहिती देऊ-घेऊ शकतात. उद्या एकीशी बिनसलं, तर बिऱ्हाड दुसरीकडे हलवता येतं. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेने यासाठी २०२१ मध्ये एक मानकही मंजूर केलं. एवढी व्याख्या पुरे.

याचा रोजचा उपयोग पाहायचा असेल तर संध्याकाळी साडेपाचला कुठल्याही डिस्पॅच गेटवर उभे राहा. टँकर भरलेला असतो, न्हावाशेवाला जायचा असतो. काट्यावर वजन झालं. ते काट्याच्या संगणकात. प्रयोगशाळेने बॅच पास केली. ते सर्टिफिकेट प्रयोगशाळेच्या संगणकात. बीजक हिशेबाच्या संगणकात. मग ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक म्हणजे आयआरएन, क्यूआर कोड, ई-वे बिल, ड्रायव्हरच्या हातात आपत्कालीन सूचनांचं ट्रेम कार्ड. एकच बॅच नंबर आणि एकच वजन तीन जागी तीन माणसं टाइप करतात. एखाद्याने १८,४६० चे १८,६४० केले, की गाडी परत काट्यावर. ड्रायव्हर बिडी पेटवायला गेटबाहेर जातो आणि डिस्पॅचवाल्याचा आवाज चढतो. या तीन व्यवस्था एकमेकींशी बोलू लागल्या, तर आकडा काट्यावर एकदाच उमटेल आणि पुढे आपोआप जाईल. माझ्या मते लहान कारखान्याला होणारा सर्वांत मोठा फायदा हाच. भव्य काही नाही, पण रोजचा आहे.

आणि हे जमतं, याचा पुरावा आपल्या टेबलावरच आहे. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक झालं. आधी ही नोंदणी फक्त सरकारी एनआयसीच्या पोर्टलवर व्हायची. २०२३ पासून खासगी पोर्टलंही आली. बीजक कुठल्याही पोर्टलवर नोंदवा, मागे जीएसटीची एकच मध्यवर्ती नोंद आहे. तेच बीजक दुसरीकडे पुन्हा नोंदवायला गेलात तर नाकारलं जातं. एक पोर्टल अडलं तर दुसऱ्यावर जा, टँकर थांबवू नका. तसंच सांडपाण्याचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी उद्योगांना सतत मोजणी करणारी यंत्रं बसवायला लावली. त्यांची मोजमापं थेट मंडळाच्या सर्व्हरवर जातात. सरकारसाठी आपण गेली कित्येक वर्षं जोडलेले आहोत. स्वतःसाठी मात्र अजून पेनड्राइव्ह.

कायदाही आता मागे लागला आहे. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांनी त्यांची प्रत भारतातल्या सर्व्हरवर दररोज ठेवायची आहे. पूर्वी ‘ठराविक काळाने’ चालत होतं. आपल्यातल्या प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांनी घरी जाऊन आपल्या सीएंना फोन करावा. भागीदारीवाल्यांना सक्ती नसली तरी पूर त्यांनाही सोडत नाही.

प्रत कुठे ठेवायची, यावर जरा थांबतो. विक्रेता सांगेल, मुंबईत ठेवा, जवळ आहे. मायक्रोसॉफ्टची केंद्रं पुणे, मुंबई, चेन्नईत २०१५ पासून आहेत. अ‍ॅमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून, हैदराबादला २०२२ पासून. गूगलचं मुंबईनंतर २०२१ मध्ये दिल्लीत आलं. आता जुलै २००५ आठवा. २६ तारखेला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसाने आपल्या तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. आपण आणि मुंबई एकाच पावसात बुडतो. तेव्हा एक प्रत मुंबईत चालेल, पण दुसरी घाटापलीकडे, हैदराबाद, चेन्नई किंवा दिल्लीला हवी, आणि दुसऱ्या मालकाकडे हवी.

एवढं लहान कारखान्याला परवडेल का? एकट्याला जड जाईल. पण आपल्याला याचं उत्तर ठाऊक आहे. प्रत्येक कारखान्याने स्वतःचं पूर्ण सांडपाणी केंद्र उभारायचं ठरवलं असतं, तर निम्मे कारखाने सुरूच झाले नसते. आपण सामायिक केंद्र उभारलं, सीईटीपी. सावित्रीच्या खाडीतले मासेमार त्याच्याबद्दल दुसरी बाजू सांगतील, ती आपण ऐकलीच पाहिजे. पण खर्च वाटून घेण्याची रीत त्यातून या वसाहतीच्या अंगवळणी पडली. क्लाउडच्या बाबतीत तीच वापरता येईल. पन्नास कारखान्यांनी मिळून एकच करार केला, तर विक्रेता समोर बसून बोलतो. एकट्या कारखान्याच्या मेलला तो तयार उत्तर पाठवतो. मात्र प्रत्येकाचा डेटा स्वतंत्र आणि कुलूपबंद हवा. शेजारच्या प्लॉटमधल्या स्पर्धकाला माझा फॉर्म्युला दिसणार असेल, तर असली एकी मला नको, तुम्हालाही नको.

करारात एक कलम आग्रहाने लिहून घ्या: सोडून जाताना आमचा डेटा वापरता येईल अशा साच्यात, इतक्या दिवसांत, इतक्याच खर्चात परत मिळेल. युरोपीय संघाने यासाठी डेटा कायदाच केला. तो १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला, आणि १२ जानेवारी २०२७ पासून तिथे क्लाउड बदलण्याचं शुल्क घेता येणार नाही. आपण त्या कायद्याच्या छत्राखाली नाही. आपलं छत्र म्हणजे तो करारच.

दोन गोष्टी कुणी कितीही रंगवून सांगितल्या तरी करू नका. रिअ‍ॅक्टरचं नियंत्रण क्लाउडवर नेऊ नका. तापमान चढलं की कूलिंग सुरू करणारं इंटरलॉक प्लांटमध्येच राहिलं पाहिजे. आकडे वर जाऊ देत, हुकूम वरून येऊ नये. आणि पुराच्या दिवशी इंटरनेट चालेल असं धरून बसू नका. महामार्गाच्या कामात जेसीबीने केबल तोडली की निरभ्र दिवशीसुद्धा आपण बंद पडतो. म्हणून पावसाळ्यात दर तासाला प्रत बाहेर गेली पाहिजे, म्हणजे जाळं तुटलं तरी फार तर तासाभराची नोंद जाईल. लाइन घ्याल तर दोन वेगळ्या वाटांनी येणाऱ्या घ्या. कोकण रेल्वेच्या रुळांलगत ऑप्टिकल फायबर आहे. वीर स्थानकापासून वसाहतीपर्यंतचा तुकडा जोडून मिळतो का, हे आपल्या कारखानदारांच्या संघटनेने विचारून पाहावं.

शेवटी एक ठराव मांडतो. धोकादायक रसायनांच्या नियमांनुसार आपण दर सहा महिन्यांनी आपत्कालीन सराव करतो. भोंगा वाजतो, माणसं असेंब्ली पॉइंटवर जमतात, हजेरी होते. त्याच दिवशी हिशेबाच्या खोलीतला मुख्य संगणकही बंद करावा आणि दुसऱ्या क्लाउडवरच्या प्रतीवरून एक बीजक काढून दाखवावं. निघालं तर किती वेळात, तो आकडा सरावाच्या नोंदवहीत लिहावा. न निघालं तर तेही लिहावं. पहिला सराव मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पावसाआधी. तीन लहान कारखाने तयार असतील तर त्यांनी चहाच्या सुट्टीत मला गाठावं. चौथा माझा धरा.