भिंतीच्या पोटात



मला आठवणी सांगायला उभं केलंय, पण मी भूकंपावर बोलणार आहे. जेवणाआधी हा विषय नको, असं मागून आत्ताच कोणीतरी म्हणालं. आवाज ओळखीचा आहे!

भूगोलाचे सर फळ्यावर भारताचा नकाशा काढायचे. हिमालयावर खडू फिरवून म्हणायचे, भूकंप इथे. मग दख्खनवर तळहात ठेवायचे : हा कठीण दगड, इथे भीती नाही. सरांची काही चूक नव्हती. तेव्हाच्या सरकारी नकाशातही किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होती. 1967 साली कोयनेला भूकंप झाला होता. तो धरणाच्या पाण्यामुळे, म्हणून आपण सगळ्यांनीच बाजूला ठेवला.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला 6.2 क्षमतेचा धक्का बसला आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. हिमालयात याहून कितीतरी मोठे भूकंप झालेत.

भूपट्टांची सीमा हजार किलोमीटरहून लांब, मग इथे कसा? आपला भूपट्ट वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि तिकडे आशियाला भिडतो. फळीचं एक टोक भिंतीला टेकवून दुसरीकडून रेटा दिला, तर ताण सगळ्या फळीत येतो आणि जुनी चीर असेल तिथे ती तडकते. किल्लारीला काळ्या दगडाचा थर सुमारे 340 मीटर. त्याच्या खाली जुना ग्रॅनाइट. त्यातल्या चिरा वरून दिसत नाहीत. ताण इतका सावकाश साठतो की दोन भूकंपांत हजारो वर्षं जाऊ शकतात. आजोबांच्या गोष्टीत तो नसतो, म्हणून आपल्याला वाटतं, इथे होतच नाही.

मी तेव्हा नुकताच डिप्लोमा होऊन नोकरीला लागलो होतो. पडझडीची नोंद करायला आम्हाला पाठवलं. काही घरांत लाकडी खांब-तुळया तशाच उभ्या आणि भिंती मात्र जमिनीवर, हे दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. भिंती अडीच-तीन फूट जाड. बाहेरून किल्ल्यासारख्या! आत पाहिलं तर दोन बाजूंना दगडांचे दोन वेगळे थर, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगडच नाही. वर माळवदाची माती, दर पावसाळ्याआधी थोडी वाढवलेली. हादरा बसला की दोन थर फाकतात आणि सगळं खाली येतं. पुढे अशा उभ्या राहिलेल्या भिंतींना भोकं पाडून, सळई घालून काँक्रीट भरायचं काम आम्ही केलं. 2002 च्या नकाशात लातूर तिसऱ्या विभागात गेलं.

आता आपल्या शाळेकडे येतो. जमलेल्या निधीतून जुन्या वर्गांना गिलावा, रंग आणि पत्र्याच्या जागी स्लॅब, असं ठरतंय. काल मी सातवीच्या वर्गामागून फिरून आलो. कोपऱ्यात उभी भेग आहे आणि भिंतीला पोट सुटलंय. वीस बाय वीसच्या खोलीवर चार इंची स्लॅब म्हणजे नऊ टनांहून जास्त वजन, आणि ते या भिंतीच्या डोक्यावर. 93 साली ती पडली नाही, हे खरं. पण किल्लारी आपल्यापासून लांब होती आणि वर पत्रा होता.

माझं एवढंच मागणं आहे की भिंत दोन ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय स्लॅबचा ठराव करू नका. आत आरपार दगड नसतील, तर आधी भिंती बांधून घ्यायला पैसे लागतील आणि रंग पुढच्या वर्षी होईल. फोटो जरा जुनाट येतील.

उद्या सकाळी आठला मी पहार आणि बॅटरी घेऊन तिथे असेन. गवंडी येतो म्हणालाय. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे. ज्यांना हात लावायचाय त्यांनी यावं. मागच्या बाकावरच्यांनी तर नक्कीच.