खाल्ल्या मिठाला जागावें



जुन्या शहरांविषयीं बोलणें सोपें असतें. पुण्याला शनिवारवाडा आहे, नाशिकला गोदावरीचा घाट आहे, कोल्हापूरला अंबाबाईचें देऊळ आहे. वक्त्यानें नुसतें बोट दाखवावें. पुढचें काम दगड करतात. परंतु आज मी ज्या शहराविषयीं बोलणार आहें, त्याचें नांव ऐकतांच बहुतेकांना एवढेंच आठवतें कीं, विरारकडे जाणाऱ्या गाडीला दहिसरनंतर मिरा रोड आणि भाईंदर अशीं दोन स्टेशनें लागतात, तेथें पुष्कळ माणसें उतरतात आणि मग गाडी खाडीच्या पुलावर चढते. मिरा-भाईंदरला इतिहास कसला, असें तेथें राहणारी माणसेंहि म्हणतात. मीहि तेथलाच एक रहिवासी. पुष्कळ वर्षें मीहि तसेंच म्हणत होतों.

माझा हा समज एका मासळीवालीनें घालविला. उत्तनहून टोपली घेऊन ती आमच्या आळींत येत असे. एके दिवशीं बोंबलांचा भाव ऐकून मीं म्हटलें, "मावशी, कांहीं कमी करा." ती हंसून म्हणाली, "दादा, आमची मासळी तुझ्या घरीं येते आणि तुझ्या घरचा कचरा आमच्या गांवीं येतो. दोहोंचा भाव तूंच लाव." मला उत्तर सुचलें नाहीं. मीं मुकाट्यानें पैसे दिले; पण तो हिशेब मनांतून जाईना. आपण ज्या गांवांत राहतों, त्याचें आपण काय खाल्लें आणि त्याला काय परत दिलें, हें पाहावें असें मला वाटूं लागलें. तोच हिशेब आज आपल्यापुढें मांडतों.

प्रथम जागा पाहूं. मुंबईच्या उत्तरेला साष्टीचें मोठें बेट आहे. अंधेरी, बोरिवली, ठाणें हीं सारीं त्याच बेटावर. त्याच्या वायव्य टोकाला आमचें शहर. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला घोडबंदर आणि दाट झाडीचे डोंगर. मधली बरीचशी जमीन सखल, खाजणाची. भरतीला पाणी आंत यावें आणि ओहोटीला निघून जावें, अशी. या खाजणाच्या कडेनें मिरा, काशी, नवघर, गोडदेव, खारी, राई, मुर्धें, मोर्वें, डोंगरी, पाली, उत्तन अशीं गांवें वसलीं. शहर मागाहून आलें. गांवें आधींचीं आहेत, हें प्रथम ध्यानांत ठेवावें.

इतिहासाचे पायहि या भूमीला लागले आहेत. १५३४ सालीं गुजरातच्या बहादुरशहानें वसई आणि तिच्या आसपासची बेटें पोर्तुगीजांना दिलीं. घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांनीं बांधला. अरबी घोडे तेथें उतरत, म्हणून गांवाला हें नांव पडलें, असें सांगतात. आमच्या चौक गांवाजवळ धारावी नांवाची टेकडी आहे. मुंबईंतली धारावी वेगळी आणि ही वेगळी. या धारावीच्या खाणींतला दगड खाडीपलीकडे वसईच्या इमारतींना गेला. पुढें मराठ्यांनीं वसईची मोहीम मांडली, तेव्हां हीच टेकडी मोक्याची ठरली. खाडीचें तोंड जिच्या माऱ्यांत, ती धारावी चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं घेतली, आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत वसई पडली. साष्टी १७७४ सालीं इंग्रजांनीं बळकाविली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडे कायमची राहिली.

परंतु राज्यें आलीं आणि गेलीं, तरी खाजणांतला एक उद्योग चालूच राहिला. तो मिठाचा. मिठागर म्हणजे काय, हें गाडीच्या खिडकींतून पांढरे ढीग पाहणाऱ्याला कळत नाहीं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. उधाणाच्या भरतीला तें पाणी उघाडींतून आंत घ्यावयाचें, बांधानें अडवावयाचें, आणि मग एका वाफ्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असें फिरवावयाचें. ऊन आणि वारा पाणी शोषून घेतात, क्षार मागें राहतो. शेवटच्या वाफ्यांत पाणी इतकें दाट होतें कीं, तळाशीं मिठाचे खडे धरूं लागतात. पण सगळेंच पाणी आटूं दिलें, तर मीठ कडू होतें. म्हणून उरलेलें कडवट पाणी वेळींच सोडून द्यावें लागतें. ती वेळ ओळखणें, हीच या धंद्यांतली खरी विद्या. मग मीठ ओढून बांधावर आणावयाचें, ढीग घालावयाचे, आणि पावसाआधीं ते गवतानें शाकारावयाचे. वळवाची एक सर अवेळीं आली, तर कित्येक दिवसांची मेहनत एका रात्रींत विरघळून जाई.

हें काम ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या केलें, ते आगरी. आगर या शब्दावरूनच त्यांचें नांव पडलें, असें मानतात. १८६४ सालीं उत्तरेकडून येणारा लोहमार्ग वसईची खाडी ओलांडून ग्रँट रोडपर्यंत पोंचला, आणि होड्यांतून जाणारें भाईंदरचें मीठ आगगाडीनेंहि दूरच्या गांवीं जाऊं लागलें. याच मिठावर इंग्रज सरकार कर घेई. १९३० सालीं गांधीजींनीं दांडीला चिमूटभर मीठ उचललें, तेव्हां विलेपार्ल्याला सत्याग्रहाची छावणी पडली, आणि वडाळ्याच्या मिठागरावर लोक झुंडीनें चालून गेले. १९४७ सालीं तो कर उठला. ही कथा आपण मुलांना सांगतों. पण भर उन्हांत पाय भाजून घेऊन जो मीठ पिकवीत होता, त्याची चौकशी आपण क्वचितच करतों.

त्याच्या घरचें जेवण पाहावें, म्हणजे खाजणाची सारी दौलत ताटांत दिसते. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, खाडींतली कोलंबी, चिंबोऱ्या, चिखलांत उड्या मारणारे निवटे, चिंचेच्या कोळांतलें लालभडक कालवण. लग्नकार्य असलें, तर वडे. विकत आणावें असें त्यांत थोडेंच. तांदूळ बांधाआडच्या शेतांतला, मासा खाडींतला, मीठ दारांतलें.

उत्तनच्या किनाऱ्यावर गेलां, म्हणजे हीच समृद्धि निराळ्या रूपानें दिसते. येथले कोळी डोल जाळें लावतात. समुद्रांत खुंट रोंवून त्यांना पिशवीसारखें लांब जाळें बांधावयाचें. भरती-ओहोटीचा ओढ मासळी आपण होऊन आंत आणून सोडतो. उधाण केव्हां, भांग केव्हां, याचें गणित ज्याच्या डोक्यांत, त्याचेंच जाळें भरतें. जाळ्यांत बोंबील, मांदेली, जवळा येतो. बोंबलाच्या अंगांत पाणीच फार. तो ठेवल्यानें टिकत नाहीं. म्हणून दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंच्या आडव्या दोरांवर वाळत घालतात. किनाऱ्यावर अशा रांगाच्या रांगा लागल्या, म्हणजे समजावें कीं, पावसाळ्याची बेगमी चालली आहे. जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हां आगोटीला भरून ठेवलेला सुका बोंबील आणि जवळा हाच कित्येक घरांचा आधार.

येथल्या कोळ्यांत आणि शेतकऱ्यांत पुष्कळजण पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती आहेत. या किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजानें १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं, ईस्ट इंडियन हें नांव घेतलें. नांव इंग्रजी, पण घरांतली भाषा मराठीच, तिच्या किनाऱ्यावरच्या ठसक्यासह. त्यांचा बॉटल मसाला प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यांत मिरच्या वाळवून, वीसाहून अधिक जिन्नस भाजून कुटावयाचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरावयाचे. उजेड लागला नाहीं, म्हणजे रंग आणि वास वर्षभर टिकतो. सणाला हलक्या, गोल फुगिया तळतात, आणि लग्नांत मराठी गाणीं म्हणतात. धर्म बदलला, पण पाटा-वरवंटा आणि ओव्या घरांत राहिल्या, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें.

आतां शहराकडे वळूं. मुंबईंत घर परवडेना, तेव्हां माणसें लोहमार्गानें उत्तरेकडे सरकूं लागलीं. १९८५ सालीं पांच ग्रामपंचायती मिळून नगरपरिषद झाली. १९९० सालीं उत्तन-डोंगरीकडचीं गांवें तींत आलीं. २००२ सालीं महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेंत येथें पावणेदोन लाखांच्या आसपास माणसें होतीं. २००१ मध्यें तीं सव्वापांच लाखांच्या घरांत गेलीं, आणि २०११ मध्यें आठ लाखांवर. गिरणगांवांतला कोंकणी माणूस आला, गुजराती आणि मारवाडी व्यापारी आला, उत्तर हिंदुस्थानांतला कारागीर आला, दक्षिणेंतला कारकून आला. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने निघाले. आज एका रस्त्यावर सकाळीं फाफडा मिळतो, दुसऱ्यावर इडली. सूर्यास्तापूर्वीं जेवून उठणारें जैन कुटुंब एका मजल्यावर, आणि रमजानांत सूर्यास्तानंतर उपास सोडणारें मुसलमान कुटुंब थोड्या अंतरावर. दोघेहि मावळत्या सूर्याकडेच पाहत असतात!

असें हें शहर एकत्र जेवतें असें मात्र मला म्हणवत नाहीं. जिन्यांत सुक्या बोंबलाचा वास आला म्हणून कुरबुर होते. कोणाच्या ताटांत काय आहे, यावरून घर द्यावें कीं न द्यावें तें ठरतें. भाषेवरून तर दुकानाच्या दारांत हातघाई झालेली आपण ऐकली आहे. अशा वेळीं मला मिठागराची ती विद्या आठवते: कडवट पाणी वेळींच सोडून द्यावें, नाहीं तर सगळेंच मीठ कडू होतें. जुन्यांनीं नव्यांचें ताट तपासूं नये. आणि नव्यांनीं, ज्या किनाऱ्यानें आपल्याला जागा दिली, त्याची भाषा आपुलकीनें शिकावी. यांत उपकार कोणाचेच नाहींत. हा शेजारधर्म आहे.

पण मावशीच्या हिशेबाची बाकी अजून उरलीच आहे. आठ लाखांहून अधिक माणसांच्या घरांतला कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जाऊन पडतो. ज्या गांवांतून सकाळीं मासळी येते, त्याच गांवाकडे ओल्या-सुक्याची सरमिसळ झालेल्या कचऱ्याच्या गाड्या जातात. त्या धुराची आणि घाणीची तक्रार गांवकरी वर्षानुवर्षें करीत आले आहेत. तीच गत मिठागरांची. मिठाचा धंदा आटत गेला. ओसाड वाफ्यांकडे पाहून पुष्कळांना केवळ इमारतींच्या जागा दिसतात. पण हीं खाजणें आणि त्यांच्या काठचीं तिवरें भरतीचें आणि पावसाचें पाणी आपल्या अंगावर घेतात. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशीं मुंबईनें जें पाहिलें, तें ज्यांना आठवतें, त्यांना पाण्याची जागा बुजविल्यानें पाणी नाहींसें होत नाहीं, तें आपल्या घरांत येतें, हें निराळें सांगावयास नको.

मग आपण करावें तरी काय? मोठ्या गोष्टी मोठ्यांनीं कराव्यात; तशा करा, असें त्यांना सांगण्याचा अधिकारहि आपण बजावावा. पण एक गोष्ट प्रत्येक स्वयंपाकघरांत होण्यासारखी आहे. भाजीचीं देंठें, उष्टें-खरकटें आणि प्लॅस्टिक हीं एका डब्यांत टाकूं नयेत. ओल्याचें खत होतें. सुकें पुन्हां उपयोगीं पडतें. दोन्हीं मिसळलीं, म्हणजे त्यांचा डोंगर होतो, आणि तो कोणाच्या तरी दारांत उभा राहतो. आमच्या घरीं आतां दोन डबे आहेत. मावशीच्या हिशेबांतला हा अगदीं लहान हप्ता आहे, हें मी जाणून आहें.

आपल्या भाषेंत कृतज्ञतेला फार जुना शब्दप्रयोग आहे: खाल्ल्या मिठाला जागणें. बाकीच्या शहरांना तो अलंकार म्हणून वापरतां येईल. आमच्या शहराला तशी सोय नाहीं. आमच्या पायांखालीं खरोखरीच मीठ आहे.