पुडीतल्या गोळीचं नाव

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत रोज संध्याकाळी दवाखाना उघडून बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी कातडीचा डॉक्टर. तेव्हा बोलणार आहे औषधाने अंगावर उठणाऱ्या पुरळाबद्दल. पुरळ आपण ओळखतो. घोडं अडतं ते कोणत्या औषधाने आलं, या प्रश्नापाशी.

उपनगरातला माणूस राहतो मुलुंडला, कामाला जातो अंधेरीला. तापाच्या गोळ्या स्टेशनबाहेरच्या मेडिकलमधून सुट्या घेतो. कापलेल्या स्ट्रिपवरचं नाव दुकानातच राहतं. फॅमिली डॉक्टर तीन रंगांच्या गोळ्या पुडीत बांधून देतात. अंग उठलं की घरात पित्त समजून आमसुलाचं पाणी लावतात. आपल्यापुढे येऊन तो सांगतो, "पांढरी गोळी होती, डॉक्टर."

घाटकोपरच्या एका बाईंच्या ओठाच्या कडेला रुपयाएवढा काळा डाग होता. जुलाब झाले की दोन दिवसांत तो लाल व्हायचा, चुरचुरायचा, नंतर आणखी काळा पडायचा. सगळे पोटाची उष्णता म्हणायचे. जुन्या चिठ्ठ्या मागवल्या. डॉक्टर वेगळे, ब्रँड वेगळे, आत मात्र दर वेळी ऑर्निडाझोल. फिक्स्ड ड्रग इरप्शन पुन्हा त्याच जागी उठतं. कातडी विसरत नाही. चिठ्ठ्या मात्र कधी एका टेबलावर आल्या नव्हत्या.

तारखाही विचारायला हव्यात. गांधी काही मिनिटांत किंवा तासांत उठतात. गोवरासारखं पुरळ बहुधा चार ते चौदा दिवसांनी येतं, म्हणजे कोर्स संपल्यावरही. ड्रेस सिंड्रोमला दोन ते आठ आठवडे लागू शकतात. त्यात ताप, चेहऱ्यावर सूज आणि यकृतालाही इजा. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबाबत याच धोक्याचा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर २०२३मध्ये दिला. महिन्यापूर्वीची गोळी विचारल्याशिवाय कोण सांगणार?

उलटी चूकही होते. पावसाळ्यात डेंग्यूचं पुरळ उठतं आणि खापर फुटतं अँटिबायोटिकवर. मग 'पेनिसिलिन चालत नाही' हा शिक्का जन्मभर. संशय लिहायचा तो संशय म्हणूनच, तारखेसकट.

कातडी दुखू लागली, फोड आले, तोंड, डोळे किंवा गुप्तांग सोलवटलं, तर मलम देऊन उद्या बोलावू नका. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असू शकतो. संशयित औषध त्या क्षणी बंद करा आणि रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवा. सोबत औषधांची यादी द्या. तिथल्या डॉक्टरांना पहिली गरज तिचीच असते.

औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम देशात २०१०पासून चालू आहे. कळवण्यासाठी पुरावा लागत नाही, संशय पुरतो. १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक रुग्णालाही खुला आहे आणि रुग्णासाठीचा फॉर्म मराठीतही आहे. सुटं दुकान, सुटा दवाखाना यांतून निसटणारी माहिती एकत्र येण्याची सोय तिथेच आहे.

औषधाचं जेनेरिक नाव, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा, असं मेडिकल कौन्सिलने २०१६मध्येच सांगितलं. त्यापुढे जाऊन मी तीन गोष्टी ठरावासाठी मांडतो. पुडीवर प्रत्येक गोळीचं नाव लिहावं. सुट्या गोळ्या देताना नाव लिहिलेली बाजू गिऱ्हाइकाकडे जावी, याबद्दल आपापल्या भागातल्या केमिस्टांशी बोलावं. आणि ज्याला औषध बाधलं, त्याला औषधाचं नाव, तारीख आणि काय झालं हे लिहिलेलं कार्ड द्यावं. पाकिटात रेल्वेच्या पासाशेजारी मावेल एवढं. खर्च जवळजवळ नाही, वेळ मिनिटभराचा. सोमवारच्या पहिल्या पेशंटपासून सुरुवात करूया. हरकत असेल त्यांनी आता बोलावं. नसेल तर अनुमोदन द्यावं.