मुलांची नजर आणि कलेचा इतिहास
(पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



इ. स. १८७९ मधील गोष्ट आहे. उत्तर स्पेनमधील आल्तामिरा येथील गुहेत मार्सेलिनो सांझ द सौतुओला हे गृहस्थ अश्मयुगीन अवजारे शोधीत होते. सोबत त्यांची सात-आठ वर्षांची कन्या मारिया होती. वडिलांची दृष्टी जमिनीवर खिळलेली. मुलीने मात्र मान वर केली आणि छतावर रंगविलेली जनावरे तिला दिसली. प्रागैतिहासिक चित्रकलेतील एक थोर ठेवा असा एका बालिकेच्या नजरेमुळे उजेडात आला. विद्वानांनी ती चित्रे बनावट ठरविली. प्रमुख आक्षेपक एमिल कार्तायाक यांनी १९०२ मध्ये आपली चूक जाहीरपणे मान्य केली, तेव्हा सौतुओला हयात नव्हते.

मुलांना दिसते, प्रश्न आहे तो ती नजर टिकवून धरण्याचा. आपल्याकडे मुले एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. त्या परीक्षांचा भर हाताच्या कौशल्यावर आहे आणि तो योग्यच आहे. परंतु चित्र कसे पाहावे, ते कोणी, कोणत्या काळात आणि कशासाठी काढले, हे सांगणारा तास शाळेच्या वेळापत्रकात सहसा सापडत नाही. ती उणीव घरातच भरून काढावी लागते आणि त्यासाठी जुन्या, कसदार ग्रंथांचा आधार घेता येतो.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे व्हर्जिल हिलियर हे कॅल्व्हर्ट शाळेचे मुख्याध्यापक होते. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी १९०६ पासून टपालाने अभ्यासक्रम पाठविण्यास प्रारंभ केला. त्यांचा मुलांसाठीचा कलेचा इतिहास १९३३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, सहकारी एडवर्ड ह्यूई यांच्या हातून पूर्ण होऊन प्रसिद्ध झाला. चित्र, शिल्प आणि वास्तू असे त्याचे तीन भाग आहेत. गोष्ट सांगावी तशी त्याची भाषा आहे. वयाने थोड्या मोठ्या मुलांसाठी अर्न्स्ट गोम्ब्रिच यांचा ‘द स्टोरी ऑफ आर्ट’ हा १९५० मधील ग्रंथ आहे. जे चित्र छापले आहे त्याच्याविषयीच शक्यतो बोलायचे, हे पथ्य त्यांनी पाळले. त्यामुळे वाचणाऱ्याला विधान लगेच डोळ्यांनी पडताळून पाहता येते.

पुस्तक हाती आले म्हणजे शिक्षण झाले असे मात्र नाही. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन यांची रीत येथे उपयोगी पडते. एका सत्रात एकाच चित्रकाराची मोजकी चित्रे निवडायची. मुलाने एक चित्र शांतपणे न्याहाळायचे, मग ते पालथे घालायचे आणि जे दिसले ते आपल्या शब्दांत सांगायचे. आईवडिलांनी मध्ये बोलायचे नाही. चित्रकाराचे नाव आणि काळ नंतर सांगायचा. सनावळीचे पाठांतर येथे गौण आहे.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे ग्रंथ मोलाचे असले, तरी त्यांचा केंद्रबिंदू युरोप आहे. गोम्ब्रिच यांच्या ग्रंथात अजिंठा-वेरूळला स्वतंत्र प्रकरण नाही. केवळ तेवढेच वाचलेल्या मुलाला फ्लॉरेन्स ठाऊक असेल आणि संभाजीनगरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतले अजिंठा अपरिचित राहील. यासाठी परकीय ग्रंथावर राग धरण्याचे कारण नाही. उरलेली पाने आपण जोडायची आहेत.

ती पाने उपलब्ध आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात भारतीय विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यांपैकी बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. त्यापूर्वी मेजर रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. तरीही ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये निघाले. ही हकीकत सांगून मग पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे चित्र मुलापुढे ठेवावे. वारसा जपण्याचा अर्थ त्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

भीमबेटकाचेही तसेच. १९५७ मध्ये डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांना रेल्वेच्या प्रवासात दूरवरचे खडक दिसले. ते तेथे पोहोचले आणि शैलचित्रांचे भांडार जगापुढे आले. २००३ मध्ये युनेस्कोने त्या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आल्तामिराच्या पानाशेजारी भीमबेटकाचे पान ठेवले की, मुलाला दोन्हींची थोरवी कळते आणि त्यासाठी कोणालाही लहान करावे लागत नाही.

आपल्या परंपरेत या शिक्षणाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात राजा वज्र मूर्तिकला शिकू इच्छितो. मार्कंडेय ऋषी त्याला सांगतात की, त्यासाठी चित्रकला जाणली पाहिजे, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत. कला एकमेकींपासून तोडून शिकता येत नाहीत, हा त्याचा आशय. ज्या घरात मूल तबला किंवा कथक शिकते, त्या घरात मंदिरावरील नर्तकीचे शिल्प समजावण्याची अर्धी तयारी आधीच झालेली असते.

प्रत्यक्षात करायचे ते इतकेच : पंधरवड्याला एक चित्र, रविवारचा अर्धा तास, ग्रंथालयातून आणलेले एक पुस्तक आणि वर्षातून एकदा मूळ कलाकृतीचे दर्शन. सातारा जिल्ह्यातील औंधचे संग्रहालय चित्रकार असलेल्या राजाने, भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारले. तेथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत. तेथे मूल एखाद्या चित्रापुढे रेंगाळले, तर घाई करू नये. त्याच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर घरी येऊन दोघांनी मिळून पुस्तक उघडावे. आईवडीलही शिकत आहेत, हे मुलाला दिसणे हाही एक संस्कारच आहे.